कपाटापर्यंत पोचलेले अनुदान

शाळेला सरकारकडून मिळणाऱ्या पैशाला मराठीत सरसकट ‘अनुदान’ म्हटले जाते. परंतु गणित आणि विज्ञान या दोन विषयांचे अध्यापन सुधारावे म्हणून सरकारने वेळोवेळी जो पैसा दिला त्याचा विचार करायचा तर या एका शब्दात एकत्र झालेले तीन प्रकार आधी सुटे करून पाहावे लागतात. पहिला प्रकार वेतन अनुदानाचा, म्हणजे शिक्षक व शिक्षकेतर कर्मचारी यांच्या पगाराचा. दुसरा वेतनेतर अनुदानाचा, म्हणजे खडू, वीजबिल, दुरुस्ती, प्रयोगशाळेतील रसायने व काचसामान अशा वर्षभर चालणाऱ्या खर्चाचा. तिसरा प्रकार योजनेतून येणाऱ्या पैशाचा. तो ठरावीक वस्तूंसाठी किंवा ठरावीक कामासाठी, ठरावीक मुदतीत खर्च करण्याच्या अटीवर मिळतो, आणि वर्तमानपत्रांत ज्याच्या बातम्या येतात तो बहुधा हाच असतो. मुंबईच्या उपनगरांतील, म्हणजे अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड या पट्ट्यातील महापालिकेच्या आणि खासगी अनुदानित शाळांकडे या दृष्टीने पाहिले असता असे दिसते की, तिसऱ्या प्रकारच्या पैशाने प्रयोगशाळेची कपाटे भरत असताना दुसऱ्या प्रकारचा पैसा आटत गेला आणि पहिल्या प्रकारातून प्रयोगशाळा सांभाळणारा माणूस वजा होत गेला. गणित-विज्ञानासाठी मिळालेल्या पैशाचे फळ वर्गात अपेक्षेइतके का दिसत नाही, याचे बरेचसे उत्तर या विषम वाटपात आहे.

विज्ञान शिकवण्यासाठी सरकारने वेगळा पैसा द्यावा ही कल्पना फार जुनी नाही. सोव्हिएत संघाने ४ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘स्पुटनिक’ हा पहिला कृत्रिम उपग्रह आकाशात सोडला आणि आपली शाळकरी मुले विज्ञानात मागे पडत आहेत या भीतीने अमेरिकेने पुढच्याच वर्षी ‘राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा’ संमत करून शाळांना विज्ञान, गणित व परकीय भाषा शिकवण्याची साधने घेण्यासाठी संघराज्याच्या तिजोरीतून पैसा दिला. शाळेच्या भिंगाचा आणि तराजूचा खर्च हा देशाच्या संरक्षणाचा खर्च ठरावा, ही त्या काळाची निकड होती. तिचे पडसाद भारतातही उमटले. १९६३ पासून अमेरिकी साहाय्याने विज्ञान-शिक्षकांसाठी उन्हाळी प्रशिक्षणवर्ग भरू लागले, आणि पुढे युनिसेफच्या मदतीने शाळांमध्ये विज्ञानसाहित्याच्या पेट्या पोचू लागल्या.

भारतातील खरे वळण मात्र १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या शिक्षण आयोगाने आणले. या आयोगाचे अध्यक्ष डॉ. दौलतसिंह कोठारी हे स्वतः भौतिकशास्त्रज्ञ होते, आणि शालेय शिक्षणाच्या पहिल्या दहा वर्षांत गणित व विज्ञान प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवावे अशी शिफारस आयोगाने केली. १९७० च्या दशकात दहावीचा नवा आकृतिबंध आला तेव्हा ही शिफारस महाराष्ट्रातील शाळांत प्रत्यक्षात उतरली. १९७५ साली दहावीअखेर शालान्त परीक्षा देणारी पहिली तुकडी बाहेर पडली. या निर्णयाचे मोल मोठे आहे, कारण त्याने विज्ञान ही निवडक मुलांची मिरासदारी राहू दिली नाही. परंतु जो विषय थोड्यांना शिकवण्यासाठी एक प्रयोगशाळा पुरत होती तो सर्वांना शिकवायचा तर जागा, साधने आणि प्रशिक्षित शिक्षक किती पटींनी लागतील, याचा हिशेब त्या निर्णयाबरोबर तितक्याच निश्चयाने मांडला गेला नाही.

हा हिशेब उशिराने का होईना, १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर हाती घेण्यात आला. १९८७-८८ पासून केंद्र सरकारने शाळांतील विज्ञान शिक्षण सुधारण्याची योजना सुरू केली आणि तिच्यातून उच्च प्राथमिक शाळांना विज्ञानपेट्या, माध्यमिक शाळांच्या प्रयोगशाळांना साहित्य, ग्रंथालयांना विज्ञानाची पुस्तके, तसेच विज्ञान व गणिताच्या शिक्षकांचे प्रशिक्षण यांसाठी राज्यांना पैसा दिला. त्याच सुमारास आलेल्या, मराठीत ‘खडू-फळा मोहीम’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या योजनेने प्राथमिक शाळांना द्यायच्या किमान साहित्यात विज्ञान व गणिताच्या पेट्यांचा समावेश केला. यानंतर योजनांची नावे बदलत गेली. प्राथमिक स्तरासाठी २००१ च्या सुमारास सर्व शिक्षा अभियान आले, माध्यमिक स्तरासाठी २००९ मध्ये राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियान आले, आणि २०१८-१९ पासून या दोहोंचा व शिक्षक-प्रशिक्षणाचा समावेश करून समग्र शिक्षा ही एकच योजना झाली, जिचा खर्च महाराष्ट्राच्या बाबतीत केंद्राने ६० टक्के व राज्याने ४० टक्के उचलायचा असतो. मध्यंतरी, ९ जुलै २०१५ रोजी, माजी राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते ‘राष्ट्रीय आविष्कार अभियान’ सुरू झाले. ६ ते १८ वयोगटातील मुलांमध्ये गणित, विज्ञान व तंत्रज्ञान यांची ओढ निर्माण करणे आणि त्यासाठी शाळांना आयआयटीसारख्या संस्थांचे मार्गदर्शन मिळवून देणे हा त्याचा उद्देश होता. त्यानंतर अठरा दिवसांनी डॉ. कलाम यांचे निधन झाले.

या सर्व योजना मुंबईच्या उपनगरांत पोचल्या त्या एका चाळणीतून, आणि ती चाळणी समजून घेतल्याशिवाय येथील शाळांची स्थिती कळत नाही. उपनगरांत ढोबळमानाने तीन प्रकारच्या शाळा आहेत. महापालिकेच्या शाळा सरकारी योजनांना थेट पात्र असतात. दुसऱ्या प्रकारात शिक्षणसंस्थांनी चालवलेल्या खासगी अनुदानित शाळा येतात; उपनगरांतील मराठी मध्यमवर्गाच्या आणि कामगारवर्गाच्या कित्येक पिढ्या ज्यांतून शिकल्या त्या माध्यमिक शाळा बहुतांशी याच प्रकारच्या असून त्यांच्या शिक्षकांचा पगार राज्य सरकार देते. तिसऱ्या प्रकारच्या, म्हणजे विनाअनुदानित, शाळा फीवर चालतात. राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियान सुरू झाले तेव्हा प्रयोगशाळांच्या बांधकामाचा व साहित्याचा पैसा सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या माध्यमिक शाळांसाठी होता. २०१३ मध्ये केंद्राने गुणवत्तावाढीच्या बाबी अनुदानित शाळांना खुल्या केल्या, परंतु बांधकाम आणि वेतन त्यातून वगळलेच. ज्या प्रदेशात माध्यमिक शिक्षणाचा भार प्रामुख्याने खासगी अनुदानित शाळांनी वाहिला, तेथे या नियमाचा अर्थ असा झाला की, सर्वांत जुन्या प्रयोगशाळा असलेल्या शाळाच प्रयोगशाळा सुधारण्याच्या पैशातून बाहेर राहिल्या.

अशा शाळांना आधार होता तो वेतनेतर अनुदानाचा. ते शाळेच्या वेतनखर्चाच्या काही टक्के इतके मिळत असे आणि त्यातूनच मुख्याध्यापक रसायने, स्पिरिट, परीक्षानळ्या, लिटमस कागद आणत असत. या शतकाच्या पहिल्या दशकात हे अनुदान बंद झाले, आणि २०१३ मध्ये ते पुन्हा सुरू करताना त्याची मर्यादा ५ टक्के, तीही जुन्या वेतनश्रेणीच्या हिशेबाने, ठरवण्यात आली. या निर्णयांची चर्चा फारशी झाली नाही, कारण त्यामुळे कोणाचा पगार थांबला नाही आणि कोणती शाळा बंद पडली नाही. शाळेने वीजबिल भरले, पाण्याचे बिल भरले, स्वच्छतागृहाची दुरुस्ती केली. राहिले ते सिल्व्हर नायट्रेट.

महापालिकेच्या शाळांना समग्र शिक्षेतून ‘संयुक्त शाळा अनुदान’ मिळते. आधी वेगवेगळ्या नावांनी मिळणाऱ्या छोट्या रकमा एकत्र करून पटसंख्येनुसार दिली जाणारी ही वार्षिक रक्कम आहे, आणि योजनेच्या आराखड्याप्रमाणे २५१ ते १००० विद्यार्थी असलेल्या शाळेसाठी ती ७५,००० रुपये आहे. त्यातील किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे बंधन असल्याने ३०० मुलांच्या शाळेकडे उरतात ६७,५०० रुपये, म्हणजे वर्षाला मुलामागे २२५ रुपये, आणि त्यात नादुरुस्त साहित्य बदलण्यापासून इंटरनेटपर्यंत सर्व काही बसवायचे असते. महापालिका स्वतःच्या अर्थसंकल्पातून आपल्या शाळांवर पुष्कळ खर्च करते, त्यामुळे हा आकडा म्हणजे शाळेचा एकूण खर्च असे समजू नये. तथापि मुख्याध्यापकाने स्वतःच्या निर्णयाने, कोणाच्याही खरेदी-प्रस्तावाची वाट न पाहता, विज्ञानाच्या शिक्षकाच्या मागणीवरून काही आणावयाचे ठरवले तर हाताशी किती पैसा असतो, याची कल्पना त्यावरून येते.

विज्ञानाचे अध्यापन सुधारणे म्हणजे नेमके काय, हे एका प्रयोगावरून पाहता येईल. दहावीच्या अभ्यासक्रमात बहिर्वक्र भिंगाचे नाभीय अंतर काढण्याचा, म्हणजे दूरवरून येणारे प्रकाशकिरण भिंगातून गेल्यावर जेथे एकत्र येतात तो बिंदू भिंगापासून किती अंतरावर आहे हे मोजण्याचा, प्रयोग आहे. त्यासाठी भिंग, कोरा कागद आणि फूटपट्टी एवढेच लागते. खिडकीकडे तोंड करून भिंग धरायचे, मागे कागद धरायचा, आणि कागद हळूहळू पुढे-मागे करत राहायचे. सुरुवातीला नुसता उजेडाचा डाग दिसतो, मग एका ठिकाणी अकस्मात समोरची इमारत कागदावर उभी राहते, पण उलटी, म्हणजे गच्चीवरची पाण्याची टाकी खाली आणि गॅलरीच्या दोरीवर वाळत घातलेले कपडे वरच्या बाजूला उंचावलेले, तेही वाऱ्याने हलताना आणि त्यांच्या मूळ रंगांसह. घाटकोपरच्या दाट वस्तीतल्या शाळेच्या खिडकीतूनही हे दृश्य मिळते. ज्या मुलाने ते स्वतःच्या हातातल्या कागदावर पकडले त्याला ‘वास्तव प्रतिमा’ म्हणजे पडद्यावर घेता येणारी प्रतिमा, ही व्याख्या पाठ करावी लागत नाही.

आता या प्रयोगाचा हिशेब मांडू. वर्गात ६० विद्यार्थी आहेत, भिंगे सहा आहेत, म्हणजे एका भिंगामागे दहा विद्यार्थी आले. तासिका ३५ मिनिटांची असेल, आणि वर्गातून प्रयोगशाळेत जाणे, साहित्य वाटणे, परत घेणे, मोजणे यांत दहा मिनिटे गेली असे धरले, तर प्रत्येकाच्या वाट्याला अडीच मिनिटे येतात. ती पुरेशी आहेत. परंतु सहा गटांकडे एकाच वेळी पाहणारा, भिंग कोठे ठेवले हे जाणणारा, आधीच्या तासाला साहित्य मांडून ठेवणारा माणूस सोबत असेल तरच. या माणसाला शाळेच्या भाषेत प्रयोगशाळा सहायक आणि त्याच्या मदतनिसाला प्रयोगशाळा परिचर म्हणतात. परिचराच्या हातात चावी असते, कोणत्या बाटलीतले आम्ल विरल केलेले आहे आणि कोणत्या बाटलीतले तीव्र हे त्याला ठाऊक असते, आणि स्पिरिटच्या दिव्याची वात त्यानेच सारखी केलेली असते. डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयाने अनुदानित माध्यमिक शाळांतील चतुर्थ श्रेणीची पदे, ज्यांत प्रयोगशाळा परिचरही येतो, रिक्त होतील तसतशी नियमितपणे न भरता त्याऐवजी शाळेला ‘शिपाई भत्ता’ द्यावा असे ठरले, आणि मुंबईसाठी त्याची रक्कम दरमहा १०,००० रुपये ठेवण्यात आली. या रकमेत मुंबईत जो माणूस मिळेल तो शाळेची घंटा वाजवील, टपाल पोचवील, पाणी भरील. त्याने प्रयोगशाळाही सांभाळावी ही अपेक्षा त्याच्यावर आणि विज्ञानावर, दोघांवरही अन्याय करणारी आहे.

माणूस नसला की कपाट बंद राहते, आणि ते बंद राहण्याला हिशेबाच्या पद्धतीचीही साथ मिळते. शाळेत येणारी प्रत्येक टिकाऊ वस्तू, मग तो सूक्ष्मदर्शक असो वा तराजू, जडवस्तू नोंदवहीत चढवली जाते आणि ती फुटली, हरवली किंवा निकामी झाली तर तिचे निर्लेखन, म्हणजे नोंदवहीतून रीतसर वजा करण्याची मंजुरी, वरिष्ठांकडून घ्यावी लागते. सार्वजनिक पैशाचा हिशेब चोख असलाच पाहिजे, यात शंका नाही. मात्र ज्या शिक्षिकेच्या नावावर वीस सूक्ष्मदर्शक आहेत तिला ते मुलांच्या हाती देताना धास्ती वाटते, आणि वर्षअखेर तपासणीला येणारा अधिकारी वीसही सूक्ष्मदर्शक जागेवर असल्याचे पाहून समाधानाने सही करतो. त्यांतून यंदा किती मुलांनी कांद्याच्या पापुद्र्यातील पेशी पाहिल्या, हे त्या नोंदवहीत कोठे लिहायचे याची सोयच नसते. योजनेचा पैसा खर्च झाल्यावर द्यावयाच्या उपयोगिता प्रमाणपत्राचेही तसेच. मंजूर रक्कम, खर्च रक्कम, शिल्लक, एवढे जुळले की अनुदान सार्थकी लागले असे कागदोपत्री ठरते.

यात भर पडते दोन वर्षांच्या न जुळण्याची. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते, सरकारचे आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते, आणि योजनांचा पैसा मंजुरी, हप्ते, बँक खाती यांतून वाट काढत शाळेपर्यंत पोचतो तो पुष्कळदा वर्षाच्या उत्तरार्धात. दहावीच्या प्रात्यक्षिक परीक्षा लेखी परीक्षेच्या आधी उरकलेल्या असतात. त्यानंतर प्रयोगशाळेसाठी आलेला पैसा ३१ मार्चच्या आत संपवायचा म्हणजे वरातीमागून घोडे. अशा घाईत मुख्याध्यापक काय घेतील? जे एका बिलात बसते, ज्याचा पुरवठादार तयार असतो आणि ज्याची नोंद सोपी असते ते, म्हणजे बहुधा तयार संच. त्यात त्यांचा दोष काढणे योग्य नव्हे. जुलैमध्ये आम्लारी शिकवताना संपलेला तांबडा लिटमस त्या संचात असेलच असे मात्र नाही.

गणिताची गोष्ट याहून उपेक्षेची आहे. विज्ञानाला निदान प्रयोगशाळा नावाची खोली आहे; गणिताला फळा पुरतो, असा समज शाळाव्यवस्थेत इतका मुरला आहे की गणितासाठी पैसा मागायचा तर कशासाठी, असा प्रश्न मुख्याध्यापकालाच पडतो. प्राथमिक वर्गांसाठीच्या गणित पेटीने हा समज काही अंशी मोडला. अशा पेटीत मण्यांची माळ, एकक-दशकाचे ठोकळे, अपूर्णांकांच्या चकत्या असे साहित्य असते, आणि शंभर मण्यांच्या माळेवर ४७ चा मणी शोधताना दहा-दहाच्या रंगीत टप्प्यांवरून बोट सरकवणाऱ्या मुलाला दशक ही कल्पना हाताने कळते. पेटी एकच आणि वर्गात मुले चाळीस, ही अडचण येथेही आहेच. सर्व शिक्षा अभियानात प्रत्येक शिक्षकाला वर्षाला ५०० रुपये स्वतःच्या वर्गासाठी साहित्य तयार करायला मिळत असत. रक्कम क्षुल्लक होती, तिच्यातून काही ठिकाणी नुसते तक्ते विकत आणले गेले हेही खरे, परंतु काय आणायचे हे ठरवण्याचा अधिकार त्या रकमेने शिक्षकाला दिला होता. आइस्क्रीमच्या काड्या, रबर, जाड पुठ्ठा, जुन्या कॅलेंडरची पाने एवढ्यावर बोरिवलीची शिक्षिका अपूर्णांकांचा अख्खा पाठ उभा करू शकते, आणि जे साहित्य तिने स्वतः केले ते ती कुलपात ठेवत नाही, कारण फाटले तर दुसरे करता येते. संयुक्त शाळा अनुदान आल्यावर शिक्षकाच्या नावाने मिळणारी ती वेगळी रक्कम त्या अनुदानात उरली नाही. गेल्या दोन दशकांतील सर्व अनुदानांत अध्यापनाच्या सर्वांत जवळ पोचलेला पैसा हाच होता, आणि तो वाढवून चालू ठेवायला हवा होता.

याच्या दुसऱ्या टोकाला आहे ती अटल टिंकरिंग लॅब. नीती आयोगाच्या अटल नवोन्मेष मोहिमेतून २०१६ नंतर सुरू झालेल्या या योजनेत निवड झालेल्या शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. सुमारे निम्मे उभारणीसाठी आणि उरलेले पाच वर्षांच्या चालू खर्चासाठी. सहावी ते बारावीच्या मुलांनी त्रिमितीय मुद्रक, संवेदक, छोटे संगणकीय फलक हाताळून स्वतःच्या कल्पनेतले उपकरण करून पाहावे, असा तिचा हेतू आहे. सरकारी, अनुदानित व खासगी अशा सर्व शाळांना ती खुली असून देशात सुमारे १०,००० शाळांत अशा प्रयोगशाळा झाल्यानंतर २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पाच वर्षांत आणखी ५०,००० सरकारी शाळांमध्ये त्या उभारण्याची घोषणा झाली. चालू खर्चाची पाच वर्षांची तरतूद आधीच करून ठेवणे, हा या योजनेचा गुण इतर योजनांनी घेण्याजोगा आहे. उपनगरांतील अडचण वेगळीच, आणि ती म्हणजे जागा. योजनेच्या सुरुवातीच्या सूचनांनुसार मैदानी प्रदेशातील शाळेकडे यासाठी १,५०० चौरस फूट बांधीव जागा असावी लागे. उपनगरातील साधारण वर्गखोलीच्या मापाने ही तीन खोल्यांएवढी जागा झाली. ज्या शाळा एकाच इमारतीत सकाळी प्राथमिक आणि दुपारी माध्यमिक अशा दोन अधिवेशनांत भरतात, ज्यांच्या विज्ञान प्रयोगशाळेतच बाके टाकून जादा तुकडी बसवली जाते, त्यांना अर्ज करण्याआधीच माघार घ्यावी लागते. गावातल्या शाळेकडे जागा असून पैसा नसतो. अंधेरीत पैसा मिळण्याजोगा असूनही तो ठेवायला जागा नसते.

थेट विद्यार्थ्याकडे जाणारे एक छोटे अनुदानही आहे. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या ‘इन्स्पायर-मानक’ पुरस्कारात शाळेने पाठवलेल्या कल्पनांपैकी निवड झालेल्या विद्यार्थ्याच्या खात्यात प्रतिकृती बनवण्यासाठी १०,००० रुपये जमा होतात आणि मग जिल्हा, राज्य, राष्ट्रीय अशी प्रदर्शनांची साखळी सुरू होते. बृहन्मुंबईतील विज्ञान-शिक्षकांच्या संघटनेने १९८१ पासून चालवलेली सहावी व नववीच्या मुलांसाठीची डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सरकारी नसली, तरी तिच्या प्रात्यक्षिक फेरीने एक काम चोख केले आहे; उपकरण हाताळलेला विद्यार्थी आणि त्याची आकृती पाठ केलेला विद्यार्थी यांतला फरक तेथे पहिल्या पाच मिनिटांत उघडा पडतो.

साधनांइतकाच, किंबहुना अधिक, प्रश्न शिक्षकाचा आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याप्रमाणे सहावी ते आठवीसाठी विज्ञान-गणित, समाजशास्त्र आणि भाषा यांना किमान एकेक शिक्षक असावा लागतो. परंतु किती शिक्षक मंजूर करायचे हे दरवर्षीच्या संचमान्यतेत, म्हणजे पटसंख्येवरून पदे ठरवण्याच्या प्रक्रियेत, निश्चित होते. उपनगरांतील मराठी माध्यमाच्या शाळांचा पट घसरत गेला तशी पदे कमी झाली, शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरून दुसऱ्या शाळांत गेले, आणि मागे राहिलेल्या विज्ञानाच्या शिक्षकावर गणिताचे तास, वर्गशिक्षकपण आणि ऑनलाइन माहिती भरण्याची कामे एकत्र येऊन पडली. प्रयोगाची पूर्वतयारी करायला अर्धा तास लागतो. तो अर्धा तास कोणत्याही अनुदानात धरलेला नाही. प्रशिक्षणाचा पैसा मिळतो, चार-पाच दिवसांचे वर्ग होतात, परंतु प्रशिक्षणानंतर महिन्याभराने कोणी त्या शिक्षकाच्या वर्गात जाऊन अडले कोठे हे विचारत नाही.

२००९ च्या याच कायद्याने अनुदानाच्या व्यवहारात पालकांनाही स्थान दिले आहे. महापालिकेच्या व अनुदानित शाळांतील शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत, आणि मिळालेल्या अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवणे हे समितीचे काम आहे. मुलुंडमधील एखाद्या समितीच्या बैठकीत, प्रयोगशाळेचे कपाट यंदा किती वेळा उघडले, असा प्रश्न एखाद्या आईने विचारला तर तो तिच्या अधिकारातला प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर इतिवृत्तात लिहिले गेले तर जडवस्तू नोंदवहीत नसलेली नोंद निदान एका वहीत तरी येईल.

विज्ञान मुलांपर्यंत का पोचत नाही, या प्रश्नाचा मुंबईत सर्वांत चिकाटीने शोध घेणारी संस्था होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र ही होय. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा भाग असलेले हे केंद्र १९७४ मध्ये सुरू झाले, ते आज उपनगरातच, मानखुर्दला आहे, आणि अणुऊर्जा विभागाकडून येणारा त्याचा पैसाही अखेर सरकारी अनुदानच आहे. केंद्राचे पहिले संचालक प्रा. कुलकर्णी यांच्या काळात, १९८० च्या दशकाच्या आरंभी, मुंबई महापालिकेच्या शाळांतील अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांबरोबर केंद्राने काही वर्षे सलग काम केले. या मुलांना विज्ञान का जड जाते याचा शोध घेताना साधनांच्या अभावाबरोबरच एक अनपेक्षित अडथळा ठळकपणे समोर आला, आणि तो होता पाठ्यपुस्तकाच्या भाषेचा. मराठी ही मुलांची स्वतःची भाषा होती, तरी पुस्तकातील मराठी त्यांची नव्हती. केंद्राने पाठांतील आशयाला धक्का न लावता वाक्ये सोपी केली, आणि ज्या मुलांनी सोप्या भाषेतले विज्ञान वाचले त्यांची समज सुधारल्याचे आढळले.

या प्रयोगात मुलांच्या हाती नवे उपकरण द्यावे लागले नाही. खर्च झाला तो जाणत्या माणसांच्या वेळेचा, जे एकेक परिच्छेद घेऊन बसले आणि मुलाला कोठे अडते हे विचारत राहिले. उत्प्लावक बल हा शब्द पाहून थबकणारी मुलगी पहाटे नळाला पाणी आले की पिंपात बादली बुडवते; पाण्यात असेपर्यंत बादली हलकी लागते आणि काठाच्या वर येताच हात ओढला जातो, हे तिला रोज कळत असते. तेवढे वाक्य पुस्तकात त्या शब्दाच्या आधी आले, की शिक्षिकेने फळ्यावर बाण काढण्यापूर्वीच ती हात वर करते, आणि बादली बाहेर आल्यावरच जड का होते हे स्वतःच्या शब्दांत सांगू लागते.